विश्लेषण : दुकानातून ‘विंडोज ११ मारून’ आणलेल्या असेम्बल कॉम्प्युटरचं पुढे काय?

अमरावती असो की अकोला, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हा संवाद आता नेहमीचा झाला आहे. “भाऊ, टेन बंद झाली, इलेव्हन टाकून देऊ का?” “आपल्या मशीनवर चालते का पण?” “चालते ना. काही टेन्शन नाही.” तासाभरात काम होतं, पाच-सातशे रुपये दिले जातात आणि मशीन घरी येतं. स्टार्टचं बटण मधोमध दिसायला लागतं, म्हणजे विंडोज ११ आली.

दुकानदार खोटं बोलत नाही. ‘चालते’ हे खरंच आहे. पण मायक्रोसॉफ्टनं ज्या हार्डवेअरला मान्यता दिलेली नाही, त्यावर टाकलेली विंडोज ११ किती दिवस सुरक्षित राहते आणि बिघडल्यावर कुणाची जबाबदारी, याचं उत्तर त्या तासाभरात कुणी देत नाही. असेम्बल कॉम्प्युटरच्या बाबतीत हे उत्तर जास्त महत्त्वाचं आहे, कारण त्याच्या मागे कुठलीही कंपनी उभी नसते.

नेमकं काय बंद झालं?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली. ही ‘शेवटची विंडोज’ आहे, यापुढे फक्त अपडेट येत राहतील, असं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्यानं जाहीर कार्यक्रमात म्हटलं होतं. सहा वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही आणि पुढेही पडणार नाही. फक्त नवीन सापडणारी भोकं बुजवणं थांबलं.

याआधीही विंडोज एक्सपी गेली, विंडोज ७ गेली. तेव्हा नवीन आवृत्ती जुन्या मशीनवर हळू चालायची, पण चालायची. विंडोज ११ च्या वेळी पहिल्यांदाच असं झालं की उत्तम वेगानं चालणाऱ्या, एसएसडी आणि १६ जीबी रॅम असलेल्या मशीनलाही ‘हा पीसी पात्र नाही’ असा निरोप मिळाला.

४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी कुणालाही अडवत नाहीत. अडतं ते तीन ठिकाणी. पहिलं टीपीएम २.०, म्हणजे पासवर्ड आणि डिस्क कुलूपबंद करण्याच्या किल्ल्या ठेवण्याची हार्डवेअरमधली छोटी तिजोरी. दुसरं सिक्युअर बूट. कॉम्प्युटर सुरू होताना सही असलेलाच प्रोग्राम आधी चालू द्यायचा, ही त्यामागची पद्धत. तिसरं म्हणजे प्रोसेसरची यादी. इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका यांच्या अलीकडचंच चालेल, असं ही यादी सांगते. एखाद-दुसरा अपवाद सोडला तर २०१७ च्या आधीचं सगळं बाहेर.

पहिल्या दोन अटींमागचं कारण समजण्यासारखं आहे. तिसरीबद्दल मात्र अजूनही वाद आहे. मायक्रोसॉफ्टनं २०२१ मध्ये असं सांगितलं की अटी न पाळणाऱ्या मशीनवर चाचणीदरम्यान विंडोजच्या गाभ्यातले क्रॅश ५२ टक्के जास्त होते. पण सातव्या पिढीचा आय५ आणि आठव्या पिढीचा आय५ यांच्यात एक नालायक आणि दुसरा लायक ठरावा असा फरक रोजच्या वापरात कुणाला दाखवता आलेला नाही. त्यातून मायक्रोसॉफ्टनं स्वतःच्या एका महागड्या सरफेस मॉडेलमध्ये असलेला सातव्या पिढीचा प्रोसेसर यादीत घेतला, तेव्हा टीकेला आणखी धार आली.

असेम्बल मशीनच जास्त का अडकतं?

कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेतला तर त्यात बोर्ड, प्रोसेसर, बायोस आणि विंडोज हे सगळं एकाच हातानं जुळवलेलं असतं. २०१८ नंतरच्या बहुतेक ब्रँडेड मशीनमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट कारखान्यातूनच चालू होऊन येतात. असेम्बल मशीनमध्ये ते जुळवण्याचं काम दुकानातला पोरगा करतो, आणि तो करतो ते ‘चालू झालं का’ एवढ्याच कसोटीवर. त्यात त्याचा दोष नाही. २०१९ मध्ये टीपीएम चालू करून दे, असं कुठल्या गिऱ्हाइकानं म्हटलं होतं?

शिवाय वऱ्हाडातल्या असेम्बल मशीनचा स्वतःचा एक इतिहास असतो. टायपिंग इन्स्टिट्यूट बंद झाली तिथला कॅबिनेट, ऑफिसच्या लिलावातून आलेला प्रोसेसर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा नागपूरहून मागवलेला बोर्ड. एच६१ चिपसेटचे बोर्ड याचं उत्तम उदाहरण. चिपसेट २०११ चा, पण दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे जुने प्रोसेसर स्वस्तात मिळत राहिले म्हणून त्यांच्यासाठी नवेकोरे एच६१ बोर्ड पुढची अनेक वर्षं विकले गेले. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या बिलावरचं ‘नवीन’ मशीन प्रत्यक्षात २०१२ च्या ताकदीचं असू शकतं. बिलावरची तारीख पाहून काहीही कळत नाही.

म्हणून ‘सपोर्ट नाही’ हा एकच निरोप तीन अगदी वेगळ्या परिस्थितींत येतो, आणि दुकानात तिन्हींवर एकच औषध दिलं जातं.

‘सपोर्ट नाही’चे तीन अर्थ

पहिली परिस्थिती सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित. हार्डवेअर पात्र आहे, फक्त बंद आहे. एच३१० किंवा बी३६० बोर्डावर आठव्या-नवव्या पिढीचा इंटेल, किंवा बी४५० वर रायझन २६०० अथवा ३६०० असेल, तर टीपीएम प्रोसेसरच्या आतच असतं. इंटेलच्या बोर्डावर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीवर एफटीपीएम. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जायचं आणि ते चालू करायचं. विंडोज ११ आली तेव्हा असूस, गिगाबाइट, एमएसआय या कंपन्यांनी ते आपोआप चालू करणारे बायोस अपडेटही काढले होते.

यातली खरी अडचण पुढे येते. जुन्या सवयीनं विंडोज ‘लिगसी’ पद्धतीनं टाकलेली असेल, तर डिस्कची मांडणी जुनी, एमबीआर असते. तशीच ठेवून सिक्युअर बूट चालू केलं की मशीन डिस्क ओळखतच नाही. गिऱ्हाईक घाबरतं, दुकानदार सगळं फॉरमॅट मारायला निघतो. खरं तर डेटा न पुसता ही मांडणी बदलणारं साधन विंडोज १० मध्येच दिलेलं आहे. बॅकअप घेऊन ते वापरायचं, मग बायोसमध्ये लिगसी म्हणजे सीएसएम बंद करायचं. दुसरा खोडा ग्राफिक्स कार्डाचा. खूप जुनं, सेकंड हँड कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळीच राहते. कार्ड काढून बोर्डावरच्या डिस्प्लेला केबल लावली की कळतं की बिघाड काहीच नव्हता. मात्र ही युक्ती प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तरच चालते, आणि रायझन २६००, ३६०० मध्ये ते नसतं.

दुसरी परिस्थिती खरोखर अपात्र, पण धडधाकट मशीनची. एच८१ वरची चौथी पिढी, एच११० वरची सहावी-सातवी, पहिल्या पिढीचे रायझन. वऱ्हाडातल्या घरांत, दुकानांत, क्लासेसमध्ये दिसणारी बरीच असेम्बल मशीन याच वयाची आहेत. यांवर विंडोज ११ ‘मारता’ येते. कशी आणि किती टिकते, ते पुढे पाहू.

तिसरी परिस्थिती म्हणजे कोअर टू ड्युओ आणि त्याच्या वयाचे प्रोसेसर. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये ठरावीक सूचनासंच असणं अनिवार्य झालं. यांत तो नाहीच. इथे कुठलाही जुगाड चालत नाही, विंडोज सुरूच होत नाही. कुणी ‘करून देतो’ म्हणालंच, तर तो २०२४ च्या आधीची आवृत्ती टाकतो आहे असं समजावं.

आपलं मशीन कुठल्या गटात आहे हे कळायला दुकानात जावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप नेमक्या कुठल्या अटीवर गाडी अडली ते सांगतं. फक्त टीपीएम किंवा सिक्युअर बूटचं नाव आलं तर आधी बायोस पाहायचा. प्रोसेसरचं नाव आलं तर दुसरा गट.

जुगाड काय असतो?

विंडोज ११ चा इन्स्टॉलर सुरुवातीला अटी तपासतो. ही तपासणी वगळता येते. सर्वात लोकप्रिय मार्ग म्हणजे ‘रुफस’ हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम. पेन ड्राइव्ह तयार करतानाच तो विचारतो की टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमची अट काढून टाकू का. हे काही चोरटं हत्यार नाही. मायक्रोसॉफ्टनंही एकेकाळी रजिस्ट्रीत एक बदल करून अपात्र मशीन अपग्रेड करण्याची पद्धत स्वतःच्या मदत पानावर दिली होती, ती पुढे तिथून काढली. सोबत इशारा होता : अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क राहणार नाही.

हा इशारा लोकांनी हसण्यावारी नेला, कारण दर महिन्याचे सुरक्षा अपडेट अशा मशीनवरही येत राहिले. आजही सर्वसाधारणपणे येतात. मात्र वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती अशा मशीनला आपोआप दिली जात नाही. पात्र मशीन २३एच२ वरून २४एच२ वर, तिथून २५एच२ वर आपसूक सरकतं. जुगाडाचं मशीन होतं तिथेच थांबतं. आणि होम किंवा प्रो मधल्या प्रत्येक आवृत्तीचं आयुष्य फक्त २४ महिन्यांचं असतं.

आता तारखा पाहा. विंडोज ११ च्या २३एच२ आवृत्तीची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपली. म्हणजे ज्या मशीनवर २०२४ च्या सुरुवातीला जुगाडानं विंडोज ११ टाकली आणि नंतर कुणी हात लावला नाही, ते विंडोज १० नंतर महिनाभराच्या आत उघडं पडलं. मालकाला वाटतं, आपल्याकडे तर इलेव्हन आहे.

२४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. आणि विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं जी वाढीव सुरक्षा योजना, म्हणजे ईएसयू, घरगुती ग्राहकांना दिली आहे, तिची शेवटची तारीखही तीच. १३ ऑक्टोबर २०२६. पाच-सातशे रुपये देऊन जुगाडाची २४एच२ टाकून घेणारा आणि विंडोज १० वरच राहून ईएसयूमध्ये नाव नोंदवणारा, सुरक्षा अपडेटच्या हिशेबात दोघं एकाच दिवसापर्यंत पोचतात. फरक इतकाच की दुसऱ्याचं मशीन अधिकृत पाठिंब्यावर आहे, त्याचे ड्रायव्हर जसेच्या तसे आहेत आणि त्यानं फॉरमॅट मारलेलं नाही.

ईएसयूला घरगुती वापरात पैसेही लागतातच असं नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती मोफत मिळते. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत चालतं. अट एवढीच की विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी. दुकानांत या योजनेचं नाव फारसं ऐकू येत नाही, आणि त्याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. यात दुकानदाराला करण्यासारखं कामच नाही.

म्हणजे जुगाड करूच नये का? ज्याला दरवर्षी स्वतः पेन ड्राइव्ह तयार करून मोठी आवृत्ती हातानं चढवता येते, त्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं खुशाल करावा. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर २५एच२ बरी चालते आणि तिची मुदत ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. पण ज्या दुकानदाराचा, शिक्षकाचा किंवा सेवा केंद्र चालकाचा कॉम्प्युटरशी संबंध ‘चालू-बंद’ इतकाच आहे, त्याच्या मशीनवर हा जुगाड करून देणं म्हणजे दरवर्षीचं एक काम त्याच्या गळ्यात बांधणं, आणि तेही न सांगता.

बायोसला हात लावताना

पात्र मशीनवरही एक धोका आहे, तो वऱ्हाडात इतर ठिकाणांपेक्षा जास्त खरा. टीपीएमचा पर्याय दिसत नसेल तर बायोस अपडेट करावा लागतो. त्या तीन-चार मिनिटांत वीज गेली तर बोर्ड मेला असं समजायचं. काही महाग बोर्डांवर परत जिवंत करण्याची सोय असते, स्वस्त बोर्डांवर बहुधा नसते. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेमुळे कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा दुपारी, जेव्हा डीपीवर सगळ्या गावाचे कूलर असतात, बिना यूपीएसचा बायोस अपडेट करणं म्हणजे जुगार. असेम्बल मशीनला पूर्ण मशीनची वॉरंटी नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते. बोर्ड मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला पाठवून परत येईपर्यंत धंदा कसा चालवायचा, हा प्रश्न अपडेटच्या आधी विचारायचा असतो.

बोर्डावरची बटणासारखी बॅटरी, सीआर२०३२, हीसुद्धा अशीच किरकोळ वाटणारी गोष्ट. ती संपली की बायोस मूळ पदावर येतो, जुन्या बोर्डांवर टीपीएम पुन्हा बंद होतं आणि सकाळी विंडोज म्हणते की तुमचा पिन उपलब्ध नाही. लोक व्हायरस आला म्हणून फॉरमॅट मारतात. वास्तविक पाच-पन्नास रुपयांची बॅटरी बदलायची असते.

आणि यातूनच सगळ्यात महाग पडणारी चूक होते. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्यानं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन केलं, की पात्र मशीनची डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ लागली. पूर्वी हे मुख्यतः लॅपटॉपवर व्हायचं, आता डेस्कटॉपवरही होतं. त्या कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी किल्ली खात्यावर ऑनलाइन जमा होते. कुणाच्या खात्यावर? ज्यानं विंडोज टाकताना ईमेल भरला त्याच्या. घाईत दुकानातल्याच कुठल्या तरी ईमेलनं खातं उघडलं, आणि सहा महिन्यांनी बायोस अपडेटमुळे टीपीएम रिकामं झालं, तर विंडोज ती किल्ली मागते. ती नसेल तर फोटो, टॅलीचा डेटा, प्रमाणपत्रांच्या फाइल, सगळं डिस्कवर असूनही गेलं. विंडोज टाकायला मशीन देताना आपला ईमेल आपणच भरायचा आणि किल्ली कागदावर लिहून ठेवायची, एवढं केलं तरी हा प्रसंग टळतो.

टीपीएमपेक्षा मोठा धोका

सुरक्षेच्या नावानं टीपीएमवर एवढी चर्चा होते, पण असेम्बल मशीनमधलं मोठं भोक वेगळंच आहे. ब्रँडेड मशीनसोबत विंडोजचा परवाना येतो, असेम्बलसोबत तो वेगळा घ्यावा लागतो आणि बहुतेक वेळा घेतला जात नाही. मग ‘ॲक्टिव्हेटर’ चालवला जातो. त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायचा, मग कुठून आला हे माहीत नसलेला प्रोग्राम पूर्ण अधिकार देऊन चालवायचा. चोराला किल्ली देऊन मग दाराला दुसरं कुलूप लावण्याचा हा प्रकार. काही दुकानांत त्यासोबत अपडेटही कायमचे बंद करून ठेवतात, म्हणजे ॲक्टिव्हेशन उडत नाही आणि गिऱ्हाईक परत तक्रार घेऊन येत नाही.

अपडेट नसण्याची किंमत काय असते हे १२ मे २०१७ रोजी जगानं पाहिलं. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं ज्या त्रुटीतून शिरकाव केला, तिच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता. बाधित झालेल्यांत बहुतांश मशीन विंडोज ७ ची होती, आणि विंडोज ७ ला तेव्हा अधिकृत पाठिंबा होता. इलाज हातात होता, लावलेला नव्हता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्यानं न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं.

कुणी काय करावं?

सगळ्यांना एकच सल्ला देता येत नाही, कारण मशीनवर काय काम चालतं त्यावर ते ठरतं.

आपले सरकार सेवा केंद्राचं उदाहरण घेऊ. जून-जुलैत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, त्यातच पीक विमा. दारात रांग असते. हे काम बहुतांश ब्राउझरमध्ये होतं, पण अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचा टोकन यांचे ड्रायव्हर विंडोज पाहूनच बनवलेले असतात. त्यामुळे अशा मशीनवर प्रयोग करायचा तर तो हंगामाबाहेर, आणि जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवून. दोन-तीनशे जीबीच्या दुसऱ्या एसएसडीवर नवीन विंडोज टाकून सगळी यंत्रं लावून पाहायची. जमलं नाही तर केबल बदलून दहा मिनिटांत जुन्यावर परत. असेम्बल मशीनची हीच तर सोय आहे, झाकण उघडायला कुणाची परवानगी लागत नाही.

टायपिंग इन्स्टिट्यूटनं महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंग परीक्षा ज्या विंडोजवर होते तीच ठेवलेली बरी. डीटीपीवाल्यांची अडचण आणखी जुनी. पेजमेकर ७ ही २००१ ची आवृत्ती आणि श्रीलिपीचे जुने, युनिकोड नसलेले फाँट यांवर लग्नपत्रिकांचा धंदा अजून उभा आहे. तिथे मशीनला इंटरनेटच न देणं आणि फाइल पेन ड्राइव्हनं तपासून नेणं हा साधा उपाय विंडोज ११ पेक्षा परवडतो.

शाळा-महाविद्यालयांसाठी एक गोष्ट फारशी सांगितली गेलेली नाही. व्यावसायिक संस्थांना विंडोज १० चं वाढीव संरक्षण पहिल्या वर्षी प्रति मशीन ६१ डॉलरला मिळतं आणि दरवर्षी दुप्पट होतं. शैक्षणिक संस्थांना मात्र ते पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर आहे. ४० मशीनच्या लॅबला तीन वर्षांचे २८० डॉलर. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न एखाद्या महाविद्यालयाची लॅब यात ऑक्टोबर २०२८ पर्यंत तगू शकते. अर्थात मूळ विंडोज परवान्याची असेल तर, आणि गाडी नेमकी तिथेच अडते.

मग लिनक्स? उबंटू २४.०४ आणि त्यावर बेतलेली लिनक्स मिंट २२ यांना एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. टीपीएमची अट नाही, पैसे नाहीत, इन्स्क्रिप्ट मराठी कीबोर्ड सुरुवातीपासूनच आत. केरळच्या सरकारी शाळांत संगणक शिक्षण वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतं. चौथ्या पिढीच्या आय३ वर ब्राउझर, व्हिडिओ, पत्रं, मुलांचा अभ्यास यांसाठी मिंट ही जुगाडाच्या विंडोज ११ पेक्षा सरळ निवड आहे. मात्र टॅली लिनक्ससाठी बनत नाही. त्यामुळे कृषी केंद्र, किराणा ठोक, जिनिंगवाले यांच्या टेबलावर ही चर्चा दोन मिनिटांत संपते.

मॅकवाल्यांचं काय झालं?

असेम्बल मशीनवर नको असलेली सिस्टीम चढवण्याचा सगळ्यात जुना शौक म्हणजे ‘हॅकिन्टॉश’. ॲपलनं २००६ पासून इंटेल प्रोसेसर वापरायला सुरुवात केली आणि साध्या असेम्बल पीसीवर मॅकची सिस्टीम चालवता येऊ लागली. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी फायनल कट प्रोसाठी हा उद्योग बराच केला. ॲपलचा परवाना फक्त ॲपलच्याच मशीनवर वापराची मुभा देतो, आणि असे पीसी विकणाऱ्या अमेरिकेतल्या सायस्टार कंपनीला कोर्टात हार खावी लागली. पण घरोघरच्या हौशींना ॲपलनं कोर्टात खेचलं नाही, त्यानं पायाखालची जमीनच काढली. २०२० पासून मॅक स्वतःच्या चिपवर गेले आणि जून २०२५ मध्ये ॲपलनं जाहीर केलं की ‘टाहो’ ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती. हा रस्ता संपला. मायक्रोसॉफ्टला मात्र असं सरळ दार लावता येत नाही, कारण तिचा सगळा व्यवसायच दुसऱ्यांनी बनवलेल्या मशीनवर उभा आहे.

नवीन घ्यावं तर

‘आता नवीनच घेऊन टाका’ हे सांगायला ही वेळ वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले आहेत. मायक्रॉन कंपनीनं तर घरगुती ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा रॅम आणि एसएसडीचा ब्रँडच बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये सांगितलं. म्हणून जुनी डीडीआर४ रॅम चालेल असा बदल शोधणं शहाणपणाचं.

इथे एएमडीवाल्यांचं नशीब बरं. पहिल्या पिढीच्या रायझनचा एएम४ बोर्ड असेल तर बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर सेकंड हँड रायझन ३६०० किंवा नवा ५५०० बसू शकतो. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तोच, आणि मशीन विंडोज ११ ला पूर्ण पात्र. खरेदीपूर्वी बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या मॉडेलची प्रोसेसर यादी तेवढी पाहायची. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीला ही सोय नाही. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच मापाच्या सॉकेटमध्ये बसतो, पण एच११० बोर्डावर तो चालत नाही. बोर्डही बदलावा लागतो. सहाव्या पिढीसोबत डीडीआर४ घेतली असेल तर निदान रॅम वाचते, डीडीआर३ असेल तर तीही जाते.

आणि ज्यांनी दुकानातून विंडोज ११ आधीच टाकून आणली आहे, त्यांनी सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ उघडून सगळ्यात खाली ‘अबाउट’ पाहावं. तिथे आवृत्ती लिहिलेली असते. २३एच२ किंवा त्याआधीची असेल तर मशीनला नोव्हेंबर २०२५ नंतरचे सुरक्षा अपडेट मिळालेले नाहीत.